उभ्या मोटारीचा प्रश्न

क्वचितच बाहेर निघणारी स्पोर्ट्स कार ठेवावी की विकावी, हा प्रश्न ब्रिटनमधील पुष्कळ सुस्थित कुटुंबांत वर्षातून एकदा, विम्याचा हप्ता भरण्याची वेळ आली म्हणजे, हमखास निघतो आणि हप्ता भरला की पुन्हा वर्षभरासाठी मिटतो. पक्षकार्यकर्त्यांच्या बैठकीत कोणी हा प्रश्न काढला तर बहुधा हशाच होईल. ज्या देशात कोट्यवधी लोकांना एस.टी.च्या वेळापत्रकावर आपला दिवस बांधावा लागतो, तेथल्या कार्यकर्त्याने दूरदेशी कोणाच्या गॅरेजात कोणती मोटार धूळ खात पडली आहे याची चिंता का वाहावी? तथापि हा हशा थोडा आवरून पाहिले, तर मालकी आणि उपभोग, श्रम आणि फुरसत यांच्या ज्या नात्याविषयी समाजवादी चळवळ शतकाहून अधिक काळ बोलत आली आहे, ते नातेच येथे एका कापडी आच्छादनाखाली उभे असलेले दिसेल.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर आणावे. मालक डॉक्टर आहेत. नॅशनल हेल्थ सर्व्हिस या तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेत हयात घालवून निवृत्त झालेले. (मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून त्या सेवेत गेलेले मराठी डॉक्टर थोडे नाहीत, त्यांच्यापैकीच एक समजण्यास हरकत नाही.) १९७८ च्या सुमारास, हातात चार पैसे खेळू लागताच, त्यांनी ‘एमजीबी’ नावाची तांबडी, उघडी, दोन आसनी मोटार घेतली. उन्हाळ्यातील एखाद्या संध्याकाळी कापडी टप खाली करून पत्नीसह समुद्राकडे जावे, एवढीच अपेक्षा. पुढे रात्रपाळ्या आल्या, मुले झाली, मुलांना बसायला जागा नाही म्हणून दुसरी मोटार आली आणि तांबडी मोटार गॅरेजात गेली. आता वय पंचाहत्तरीपलीकडे. इतक्या खालच्या आसनात बसणे गुडघ्यांना मानवत नाही. गेल्या वर्षी मोटार तीन वेळा बाहेर निघाली आणि त्यांतल्या दोन फेऱ्या मेकॅनिककडे जाण्यायेण्याच्या होत्या. मुलगी म्हणते, ‘बाबा, विकून टाका.’ डॉक्टर म्हणतात, ‘पाहू.’

या ‘पाहू’ला चळवळीतून मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. एक कठोर उत्तर असे की ही श्रीमंतांची चैन. ती विकून पैसा सत्कार्याला द्यावा आणि बसने हिंडावे. दुसरे, अलीकडे सुशिक्षित सहानुभूतीदारांत रूढ झालेले उत्तर असे की स्वकष्टाच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचे काय करावे ही ज्याची त्याची खाजगी बाब. ही दोन्ही उत्तरे विचार करण्याचे कष्ट वाचवतात, हाच त्यांचा मुख्य गुण. पहिल्या उत्तरामागे आनंदाविषयीचा एक जुना संशय आहे. त्याग हे कार्यकर्त्याचे भूषण खरे, परंतु समाजवाद म्हणजे सर्वांनी सारखेच उदास राहण्याची व्यवस्था नव्हे. वळणदार रस्त्यावर वारा अंगावर घेत जाण्यात जो आनंद आहे तो निरागस आहे. तो मूठभरांनाच मिळतो हे दुःख आहे. दुसऱ्या उत्तराचा समाचार घ्यायला मात्र थोडे खोलात जावे लागते, कारण ही मोटार डॉक्टरांपर्यंत आली कशी आणि तेथे थांबून राहिली का, यांपैकी कोणतीही गोष्ट खाजगी नाही.

एमजी ही काही लक्षाधीशांची मोटार नव्हे. ‘मॉरिस गॅरेजेस’ या ऑक्सफर्डच्या दुकानाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. साध्या कौटुंबिक मोटारीचे भाग घेऊन त्यांवर हलकी, चपळ मोटार बांधावयाची आणि शिक्षक, कारकून, तरुण डॉक्टर यांना परवडेल अशा किमतीला विकावयाची, ही तिची मूळ कल्पना. १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबीच्या पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. तिच्यात बसवलेले १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी-सीरिज’ घराण्यातले, त्याच घराण्याचे १४८९ घनसेंटिमीटरचे धाकटे भावंड आपल्या अँबॅसेडरमध्ये कित्येक वर्षे धडधडत होते. मंत्र्यांचा लाल दिवा आणि कोलकात्याची पिवळी टॅक्सी ज्या जातीच्या इंजिनावर चालली, त्याच जातीचे इंजिन डॉक्टरांच्या गॅरेजात आहे. ते बनवायला किंवा दुरुस्त करायला कोणतीही गूढ विद्या लागत नाही.

ही मोटार ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात जुळवली जाई. एमजीचा कारखाना १९२९ साली तेथे आला. इतर कारखान्यांत सरकता पट्टा कामगाराच्या हाताला वेग लावीत असताना येथे अर्धवट तयार झालेल्या मोटारी कामगार हातांनी ढकलत पुढच्या टप्प्यावर नेत. १९७९ च्या सप्टेंबरात गावाने एमजीच्या आगमनाचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. तो समारंभ आटोपतो न आटोपतो तोच सोमवारी, १० सप्टेंबरला, कारखाना बंद करण्याचा निर्णय कामगारांच्या कानी आला. त्या महिन्याच्या अखेरीस लंडनमध्ये मोर्चा निघाला. त्यात मोटारी बाळगणारे हौशी लोक मोठ्या संख्येने होते, आणि वस्तूचा उपभोग घेणाऱ्यांनी ती निर्माण करणाऱ्यांसाठी रस्त्यावर यावे ही गोष्ट विरळाच. कारखाना विकत घेऊन चालू ठेवण्याचा एक प्रयत्नही झाला व फसला. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची एमजीबी बाहेर पडली.

येथे समाजवाद्यांना बोचणारी गोष्ट सांगितली पाहिजे. कारखाना बंद करणारी ब्रिटिश लेलँड ही कंपनी त्या वेळी खाजगी नव्हती. १९७५ साली मजूर पक्षाच्या सरकारने तिची मालकी शासनाकडे घेतली होती आणि तिचा अध्यक्षही त्याच सरकारने १९७७ साली आणला होता. पौंड महाग झाल्यामुळे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीवर तोटा होतो, असे कारण देण्यात आले. ते हिशेबाच्या दृष्टीने खरेही असेल. परंतु मालकी राष्ट्राची आणि निर्णय मात्र वरच्या मजल्यावर चार-पाच जणांचा, ही सार्वजनिक मालकी कामगाराच्या दृष्टीने कितपत वेगळी? कागदोपत्री आपली असलेली वस्तू प्रत्यक्षात आपल्या कामी येत नाही, हा अनुभव अ‍ॅबिंग्डनच्या कामगाराने आधी घेतला. डॉक्टरांचा अनुभव त्या मानाने सौम्य आणि पुष्कळ नंतरचा.

एमजी हे नाव पुढे हस्तांतरित होत गेले. मूळ घराण्याची शेवटची कंपनी २००५ साली बुडाली, नाव चिनी कंपनीकडे गेले, आणि २०१९ पासून गुजरातमधील हालोल येथे तयार झालेल्या गाड्यांवर ते आपल्याही रस्त्यांवर दिसू लागले. २०२५ साली त्याच नावाची विजेवर चालणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार भारतात पाऊण कोटीच्या आसपास किमतीने विक्रीस आली. कारकुनाला परवडणारी मोटार ही मूळ कल्पना कोठल्या कोठे गेली! पुण्या-मुंबईच्या ज्या बहुमजली इमारतींच्या तळघरांत अशा गाड्या उभ्या राहतील, तेथेही काही वर्षांनी डॉक्टरांचाच प्रश्न विचारला जाईल.

आता मूळ मुद्दा. मोटार उभी का राहिली? डॉक्टरांना आवड नव्हती म्हणून नव्हे. वेळ नव्हता म्हणून. त्यांच्या तरुणपणी ब्रिटिश रुग्णालयांतील कनिष्ठ डॉक्टरांना अमर्याद तास राबवून घेण्याचा प्रघात होता. १९७५ साली त्यांनी कराराच्या प्रश्नावर आठवड्याला चाळीस तासांपुरतेच काम करण्याचे आंदोलन केले, तेव्हा लोकांना धक्का बसला. चाळीस तास काम करणे हे आंदोलन ठरते, तर एरवी ही माणसे किती तास करीत असतील? आठवड्याला सरासरी अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा त्या देशात कनिष्ठ डॉक्टरांना पूर्णपणे लागू व्हायला २००९ साल उजाडले. ज्या वयात टप खाली करून समुद्राकडे जायचे, ते वय डॉक्टरांनी रुग्णालयाला दिले; त्याच्या मोबदल्यात जो पगार आला त्यातून मोटार घेतली. मोटार घरात आली, पण ती चालवण्याचे तास ते आधीच देऊन बसले होते. विकावी की ठेवावी या प्रश्नाचे गणित कितीही पौंडांत मांडले तरी हा जुना व्यवहार त्यात येत नाही. म्हणूनच ते सुटत नाही.

मोटारीविषयी आंद्रे गोर्झ या फ्रान्समधील समाजवादी विचारवंताने १९७३ साली एक गाजलेला निबंध लिहिला. मोटार ही समुद्रकाठच्या बंगल्यासारखी चैनीची वस्तू आहे, प्रत्येकाला ती मिळाली की कोणालाच तिचा उपयोग उरत नाही, असा त्याचा रोख होता. रस्ते तुंबण्याच्या बाबतीत तो खराच ठरला. पण त्याचे लक्ष धावणाऱ्या मोटारीकडे होते. डोनाल्ड शूप या अमेरिकी अभ्यासकाने नंतर दाखवून दिले की सामान्य मोटार आपल्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ उभीच असते. डॉक्टरांची मोटार या नियमाला अपवाद नसून त्याचे टोक आहे.

फुरसतीचा प्रश्न आपल्याकडे परका नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्यातून एक दिवसाची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि १८९० साली ती मिळवली. रविवारी काय करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवण्याजोगा दिवस हातात असावा, यासाठी तो लढा होता. त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात कारखान्यांतील दैनिक कामाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. गुंतवणूक यावी, कामगाराला जादा कामाचा मोबदला मिळावा, अशी कारणे देण्यात आली. त्या मोबदल्यातून कामगार काय घेईल? हप्त्यावर मोटारसायकल घेईल, आणि ती कारखान्याच्या फाटकाबाहेर बारा तास उभी राहील.

उभ्या वस्तूला विश्रांती मिळते, हा एक गोड गैरसमज आहे. टाकीतले पेट्रोल शिळे होते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते व ते जुन्या रबरी नळ्यांना खाते. बॅटरी उतरते. ब्रेक जागच्या जागी चिकटतात. एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात, सीलचे रबर तडकते, दमट हवेत पत्रा आतून गंजतो. थोडक्यात, चालवल्याने झिजते त्यापेक्षा न चालवल्याने मोटार अधिक बिघडते. तिला जिवंत ठेवणारा एकच माणूस या गोष्टीत आहे: तो मेकॅनिक. वर्षातून एकदा तो कार्बुरेटर साफ करतो, वंगण बदलतो आणि खात्री करून घेण्यासाठी गावाबाहेर एक चक्कर मारतो. डॉक्टरांच्या मोटारीचा निर्भेळ आनंद गेली कित्येक वर्षे कोणी घेतला असेल तर या मेकॅनिकने, आणि तोही ‘चाचणी’ या नावाखाली.

कायदाही उभ्या वस्तूच्याच बाजूचा. चाळीस वर्षांहून जुन्या खाजगी मोटारीला ब्रिटनमध्ये रस्ताकर द्यावा लागत नाही, वार्षिक तपासणीची सक्ती नाही. ती नफ्याने विकली तरी त्या भांडवली नफ्यावर सामान्यतः कर नाही, कारण मोटार ही झिजणारी मालमत्ता आहे असे कायदा धरून चालतो. लंडनमध्ये धूर ओकणाऱ्या जुन्या वाहनांवर दिवसाला साडेबारा पौंड आकार आहे व २०२३ च्या ऑगस्टपासून तो शहराच्या सर्व उपनगरांना लागू झाला. हवा स्वच्छ व्हावी हा हेतू स्तुत्यच. पण २०१२ सालची डिझेल व्हॅन घेऊन नळदुरुस्तीला निघालेला प्लंबर तो आकार भरतो आणि १९७८ सालची एमजीबी ‘ऐतिहासिक’ म्हणून मोकळी सुटते. वृद्धांच्या सांभाळाच्या बाबतीतला नियम तर अधिकच चमत्कारिक आहे. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक शिल्लक असणाऱ्याला आपल्या सांभाळाचा खर्च स्वतः सोसावा लागतो. ही मर्यादा २०१० पासून वर्षानुवर्षे तशीच ठेवण्यात आली. या हिशेबात वैयक्तिक वापराच्या वस्तू साधारणतः धरत नाहीत, पण वस्तू विकून आलेला पैसा धरतात. डॉक्टरांनी मोटार विकली तर उद्या त्यांच्या पत्नीच्या किंवा त्यांच्या आजारपणात तो पैसा प्रथम जाईल. गंजत ठेवली तर तिला कोणी हात लावणार नाही. मुलीला हे ठाऊक नसते. ‘पाहू’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला अनेकदा ठाऊक असते.

बरे, विकायची तर कोणाला? येथे बाजाराचा विक्षिप्तपणा दिसतो. मे २०२२ मध्ये १९५५ सालच्या एका मर्सिडीजला १३ कोटी ५० लाख युरो आले. मोटारीला तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत. पैसा शिष्यवृत्त्यांच्या निधीसाठी वापरण्यात आला हे नमूद केले पाहिजे, पण एवढी रक्कम मोजणारा ती मोटार दूध आणायला नेणार नाही, हेही उघड आहे. श्रीमंतांच्या गुंतवणुकीचे निर्देशांक काढणाऱ्या कंपन्या आता जुन्या मोटारींना मद्य, घड्याळे आणि चित्रे यांच्या पंक्तीला बसवतात. एमजीबीची किंमत या आकड्यांच्या जवळपासही नाही. एखाद्या नव्या साध्या मोटारीएवढीही ती सहसा येत नाही. तरीसुद्धा वरचा तर्क खाली झिरपतोच. जाहिरातीत ‘फार कमी चाललेली’ हे शब्द भाव वाढवतात. मोटार जितकी कमी वापरली तितकी तिची किंमत अधिक! जी वस्तू चालण्यासाठी जन्मली, तिने न चालण्याबद्दल बक्षीस मिळवावे, यापेक्षा उपयोग आणि किंमत यांची फारकत अधिक स्पष्ट करून दाखवणारे उदाहरण शोधून सापडणार नाही. सर्वांत जास्त भाव देणारा गिऱ्हाईक हा बहुधा तोच असेल जो मोटार नेऊन दुसऱ्या, अधिक कोरड्या गॅरेजात उभी करील. अशा विक्रीने डॉक्टरांचे गॅरेज रिकामे होईल. मोटारीच्या नशिबात काहीच बदलणार नाही.

म्हणून ‘विका’ हे उत्तर अपुरे आहे आणि ‘ठेवा’ हेही. डॉक्टरांनी मोटार आपल्याकडे ठेवू नये, असाच कौल दिला पाहिजे. मात्र चैनीचे पाप धुऊन काढण्यासाठी नव्हे. जी वस्तू आपण वापरू शकत नाही ती अडवून धरण्याचा अधिकार पैशाने मिळत असला, तरी नीतीने मिळत नाही, एवढे कारण पुरेसे आहे. आणि ती देताना सर्वांत मोठी बोली न पाहता, ती चालवणारा माणूस पाहावा. त्यात हजार-दोन हजार पौंड कमी आले तर ते कमी येऊ द्यावेत. कित्येक कार्यकर्त्यांना ही तडजोड वाटेल. संपत्तीच्या वाटपाचा मोठा प्रश्न एका मोटारीने सुटत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण मोठ्या प्रश्नाची वाट पाहत लहान वस्तू गंजू देणे हाही काही क्रांतीचा मार्ग नाही.

राहता राहिला मनाचा प्रश्न. आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या मोटारीत डॉक्टरांची पत्नी तरुण आहे. न झालेल्या कितीतरी सहली तिच्या मागच्या छोट्याशा डिकीत बांधून ठेवल्यासारख्या पडल्या आहेत. मोटार गेली म्हणजे त्या सहली आता होणार नाहीत हे कबूल करावे लागेल, आणि म्हणूनच विम्याचा हप्ता भरणे सोपे जाते. दरवर्षीचा हप्ता हा खरे तर या कबुलीला मिळवलेल्या मुदतवाढीचा दर आहे. अशा माणसाला ‘मोह सोडा’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. त्याचा मोह मोटारीचा नाहीच. गेलेल्या वेळेचा आहे, आणि तो वेळ त्याने स्वखुशीने उधळलेला नव्हता. रुग्णांना त्याचा उपयोग झाला, ही गोष्टही विसरता कामा नये.

ब्रिटनमध्ये मोटारीच्या नोंदणीपत्रावर ज्याचे नाव असते त्याला कायदा मालक म्हणत नाही. ‘नोंदणीकृत सांभाळणारा’ म्हणतो, आणि हे पत्र मालकीचा पुरावा नव्हे असे त्यावर छापलेलेही असते. विश्वस्तवृत्तीवर आपल्याकडे एवढी भाषणे झाली, पण ती कल्पना एका सरकारी कागदावर इतक्या सहजपणे उतरलेली क्वचितच आढळेल. सांभाळणारा बदलला की कागदाचा एक तुकडा फाडून नव्या माणसाच्या हाती द्यायचा आणि खात्याला कळवायचे. काम पाच मिनिटांचे. ते करण्यापूर्वी डॉक्टरांनी एक फेरी मात्र अवश्य करावी. जुने पेट्रोल काढून टाकावे, टायरांत हवा भरावी, पत्नीला शेजारच्या आसनावर बसवावे आणि गुडघ्यांचा प्रश्न असल्यामुळे चाक मेकॅनिकच्या... पण एमजीबीला आसने दोनच! तेव्हा समुद्रापर्यंत दोन फेऱ्या कराव्या लागतील, एक पत्नीची आणि एक डॉक्टरांची, आणि दोन्ही वेळा मोटार चालवील तोच, ज्याच्याकडे ती पुढे राहायची आहे. त्याला शनिवारी सुट्टी असते की नाही, एवढे आधी विचारून घ्यावे.